भाव ओळखणारा यंत्रमानव

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना १७२४ सालच्या लढाईमुळे ठाऊक आहे. या लढाईत निजाम-उल्-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत आसफजाही सत्तेचा पाया पक्का झाला. विजयाची खूण म्हणून निजामाने गावाचे नाव फत्तेखेडा असे ठेवले. परंतु लोकांच्या तोंडी साखरखेर्डा हेच नाव राहिले. वऱ्हाडातील भाविकांना हे गाव पलसिद्ध स्वामींच्या मठामुळे आणि प्रल्हाद महाराज रामदासी यांच्या वास्तव्यामुळे परिचित आहे.

अशा गावाचा आणि यंत्रमानवाचा संबंध काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी कोणासही पडेल. यंत्रमानव म्हणजे मोटारीच्या कारखान्यात सांगाडे जोडणारा पोलादी हात, अशीच समजूत आजवर रूढ होती. त्या हाताला समोरचा कामगार आनंदात आहे की दुःखात, याच्याशी काही कर्तव्य नसते. तथापि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत यंत्रमानवांची एक निराळीच जात निर्माण झाली आहे. ही यंत्रे ओझे उचलत नाहीत की जोडकाम करीत नाहीत. माणसाच्या सोबतीला बसावे, त्याच्या चेहऱ्यावरून व आवाजावरून त्याची मनःस्थिती ओळखावी, त्याप्रमाणे बोलावे आणि जसजसा सहवास वाढेल तसतसे आपले वागणे त्या माणसाला जुळवून घ्यावे, एवढ्यासाठीच ती घडविलेली असतात. त्यांना सामाजिक यंत्रमानव असे म्हणतात. त्यांतील एक तर महाराष्ट्रातच, मुंबईत तयार झाला आहे.

मराठीत प्रश्न विचारला असता उत्तर देणारा भ्रमणध्वनी आज खेड्यापाड्यांत पोहोचलेला आहे. त्याला चेहरा आणि आठवण मिळाली की हा यंत्रमानव झाला. उद्या एखाद्या उद्योगसमूहाच्या सामाजिक दायित्व निधीतून असे यंत्र गावातील शाळेस, वाचनालयास किंवा वृद्धाश्रमास देऊ करण्यात आले, तर ते घ्यावे की न घ्यावे याचा निर्णय मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांनाच करावा लागेल. तेव्हा हे यंत्र नेमके काय जाणते आणि काय जाणत नाही, याची माहिती आधीच असलेली बरी.

यंत्राला काय दिसते?

या विषयावरील पाश्चात्त्य लिखाण बहुधा चार्ल्स डार्विनच्या १८७२ सालच्या ग्रंथापासून सुरू होते. मराठी वाचकाला त्याहून जवळचा आधार उपलब्ध आहे, तो म्हणजे भरताच्या नाट्यशास्त्राचा. भरताने आठ स्थायीभाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले. भाव ज्या कारणाने उत्पन्न होतो तो विभाव आणि भाव शरीरावर ज्या रूपाने प्रकट होतो तो अनुभाव, असा भेदही त्याने केला. आवाज बदलणे, रंग उतरणे, अंगाला कंप सुटणे, डोळ्यांत पाणी येणे इत्यादी आठ सात्त्विक भावांची त्याने दिलेली यादी प्रसिद्धच आहे.

आजचा यंत्रमानव या यादीतील काही गोष्टी मोजतो, असे म्हटल्यास चूक होणार नाही. त्याच्या डोळ्यांच्या जागी कॅमेरा असतो. भुवया किती वर गेल्या, ओठांचे कोपरे खाली ओढले गेले काय, मान कोणत्या बाजूस कलली, यांचे रूपांतर तो आकड्यांत करतो. कानाच्या जागी मायक्रोफोन असतो. आवाजाची पट्टी, चढउतार, बोलण्याचा वेग आणि मधले थांबे यांचेही आकडे होतात. काही यंत्रांच्या कातडीखाली स्पर्श जाणणारी साधने बसविलेली असतात. गोंजारणे कोणते आणि चापट कोणती, हे त्यांना कळते. या सर्व आकड्यांची तुलना आधी गोळा केलेल्या हजारो नमुन्यांशी केली जाते. ‘हा नमुना आनंदाचा’, ‘हा रागाचा’ अशी लेबले माणसांनीच त्यांवर लावून ठेवलेली असतात. समोरचे आकडे ज्या ढिगाच्या अधिक जवळ जातील, तो भाव यंत्र ग्राह्य धरते. संगणकाने माणसाच्या भावनांची दखल घ्यावी, या विचाराला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रोझलिंड पिकार्ड यांच्या १९९७ सालच्या पुस्तकाने शास्त्रशाखेचे रूप दिले.

भरताच्या परिभाषेत बोलावयाचे तर यंत्राच्या हाती अनुभाव लागतो; विभाव त्याच्या दृष्टीबाहेर राहतो. वर्गात एखादा मुलगा खाली मान घालून गप्प बसला आहे, असे समजा. यंत्र त्याला ‘दुःखी’ ठरवील आणि कदाचित एखादा विनोद सांगेल. आदल्या रात्री गारपिटीने त्याच्या घरचा हरभरा झोपविला, हे गुरुजींना माहीत असते. म्हणून ते त्या दिवशी त्याला फळ्यापाशी बोलावीत नाहीत. तोच मुलगा रात्री कीर्तनाला जागला म्हणून पेंगत असेल, तर त्याची मान तशीच खाली असेल. दोन्ही प्रसंगी कॅमेऱ्याला दिसणारे चित्र एकच.

ही अडचण शास्त्रज्ञांनाही मान्य आहे. आनंद, दुःख, राग, भीती, किळस व आश्चर्य या सहा भावना जगभर सारख्याच चेहऱ्याने व्यक्त होतात, असे पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाचे मत अनेक दशके प्रमाण मानले जात असे. त्याच पायावर बहुतेक यंत्रे उभी आहेत. परंतु २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजाराहून अधिक शोधनिबंधांचा परामर्श घेतला आणि केवळ चेहऱ्याच्या हालचालींवरून माणसाची भावना खात्रीने ठरविता येत नाही, असा निष्कर्ष काढला. रागावलेला माणूस दर वेळी कपाळाला आठ्या घालीलच असे नाही. आणि आठ्या घालणारा दर वेळी रागावलेलाच असतो असेही नाही. वऱ्हाडातील उन्हात शेतावरून घरी आलेल्या कोणत्याही माणसाकडे पाहिले तर हे पटण्यास शोधनिबंधाची गरज पडू नये.

सहवासातून शिकणे

मग ही यंत्रे लोकांना आपलीशी का वाटतात? याचे उत्तर बरेचसे माणसाच्या स्वभावात आहे. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम या संगणकशास्त्रज्ञाने ‘एलायझा’ नावाची एक साधी संगणक आज्ञावली प्रसिद्ध केली. ‘मला आईची आठवण येते’ असे टंकलिखित केले की ‘तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा’ असा प्रतिप्रश्न ती करी. वाक्यातील शब्द उलटेसुलटे करून परत देणे, याखेरीज तिच्यात काहीही नव्हते. तथापि वायझेनबाउमच्या स्वतःच्या सचिव, ज्यांनी ही आज्ञावली तयार होताना पाहिली होती, त्याच तिच्याशी बोलताना वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगू लागल्या. या अनुभवाने तो इतका अस्वस्थ झाला की पुढे, १९७६ साली, संगणकाने कोणती कामे करू नयेत याविषयी त्याने एक ग्रंथच लिहिला.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याच संस्थेत सिंथिया ब्रेझील यांनी ‘किस्मेट’ हे यंत्र तयार केले. ते म्हणजे केवळ एक डोके होते. मोठे डोळे, हलणाऱ्या भुवया, गुलाबी कान आणि लाल ओठ. शब्दांचा अर्थ त्याला कळत नसे. परंतु बोलणारा शाबासकी देत आहे की रागे भरत आहे, हे स्वराच्या चढउतारावरून ते ओळखी. त्याच्या आत तीन गरजांचे कप्पे ठेवलेले होते: एक माणसांच्या सहवासाचा, एक खेळण्यांच्या करमणुकीचा आणि एक विश्रांतीचा. कोणी जवळ नसले की पहिला कप्पा रिकामा होत जाई आणि चेहरा उदास दिसू लागे. फार जवळ जाऊन कोणी हातवारे केले की ते तोंड फिरवी. कप्प्यांतील आकडे वरखाली होत होते, एवढेच. पण पाहणारी मुले त्याची समजूत काढू लागत.

किस्मेटपाशी कालची आठवण ठेवण्याजोगी काही सोय नव्हती. ज्या यंत्राने दीर्घ सहवास ही कल्पना खऱ्या अर्थाने प्रत्यक्षात आणली, ते म्हणजे जपानमधील ‘पारो’. ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून त्यावर काम केले आणि २००५ साली ते विक्रीस आले. पारो दिसायला सील या समुद्री प्राण्याच्या पांढऱ्या पिलासारखा आहे. सीलच का, यामागे मोठी समज आहे. मांजराच्या आकाराचे यंत्र केले तर लोक त्याची खऱ्या मांजराशी तुलना करतात आणि निराश होतात. सील कोणी पाळलेलेच नसते. पारोला एखाद्या हालचालीनंतर गोंजारले तर ती हालचाल तो पुन्हा पुन्हा करतो. मारले तर टाळतो. ज्या नावाने वारंवार हाक मारली जाते त्या नावाला काही दिवसांनी तो प्रतिसाद देऊ लागतो. अशा रीतीने दोन घरांतील दोन पारो काही महिन्यांनी निरनिराळे वागू लागतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली त्याला वैद्यकीय साधन म्हणून वर्गीकृत केले. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांतून त्याचा उपयोग होतो.

तो कितपत होतो, याची तपासणी ऑस्ट्रेलियात झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २८ शुश्रूषागृहांतील ४१५ वृद्धांचा समावेश होता. एका गटास चालू पारो, दुसऱ्यास बंद करून ठेवलेला पारो, म्हणजे निव्वळ मऊ खेळणे आणि तिसऱ्यास नेहमीची शुश्रूषा देण्यात आली. चालू पारोशी वृद्ध अधिक बोलले, त्याच्याकडे अधिक पाहत राहिले. नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा आनंद वाढविण्यात आणि अस्वस्थता कमी करण्यात तो सरस ठरला. मात्र बंद खेळण्यापेक्षा तो फार पुढे गेला असे दिसले नाही. आणि अस्वस्थता दुसऱ्या एका मापाने मोजली असता तिन्ही गटांत फरक आढळला नाही. सुमारे सहा हजार डॉलर किमतीच्या यंत्राबाबत ही गोष्ट विक्रेता सांगेलच असे नाही. मांडीवर काही मऊ, उबदार घेऊन बसण्याला मोल आहे, हे त्यातून दिसते. वऱ्हाडात ते काम मांजर, नातू किंवा गोधडी विनामूल्य करीत आली आहेत.

महाराष्ट्रातील प्रयत्न

मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या स्नेह वासवानी, प्रशांत अय्यंगार आणि चिंतन रायकर या तिघांनी २०१५ साली ‘एमोटिक्स’ ही कंपनी काढली. तिने २०१७ मध्ये लहान मुलांचा सोबती म्हणून ‘मिको’ हा छोटा यंत्रमानव बाजारात आणला. २०१९ साली त्याची दुसरी आणि २०२१ साली तिसरी आवृत्ती निघाली. चाकांवर फिरणारा, पडद्यावर डोळे मिचकावणारा हा सोबती मुलाला चेहऱ्यावरून ओळखतो, गोष्टी व कोडी सांगतो, आणि मुलाच्या आवडीनिवडी व मनःस्थिती यांप्रमाणे संभाषण बदलतो, असे कंपनीचे म्हणणे आहे. भारतीय तंत्रज्ञांनी घडविलेली ही वस्तू परदेशांतही विकली जाते, हे अभिमानास्पद खरेच.

याहून निराळ्या वळणाचे एक उदाहरण पवईच्या केंद्रीय विद्यालयातील आहे. तेथील संगणकाचे शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, लाकूड, प्लॅस्टिक व अॅल्युमिनियम अशा टाकाऊ वस्तूंपासून सुमारे ५० हजार रुपये खर्चून ‘शालू’ नावाची यंत्रमानवी तयार केली. २०२१ साली ती प्रसिद्धीस आली. मराठीसह अनेक भारतीय व परदेशी भाषांतून ती बोलते. गोव्यात फोंडा तालुक्यातील बेथोडा येथे एका रोजंदारीवरील कामगाराने २०२२ साली आपल्या दिव्यांग मुलीला घास भरविण्यासाठी एक यंत्र बनविले. मुलीने काय खायचे ते सांगावे आणि यंत्राने तो घास पुढे करावा, अशी त्याची रचना आहे. ‘माँ रोबोट’ असे त्याला नाव मिळाले. हे यंत्र भावना ओळखीत नाही, तसा आवही आणीत नाही. तरी, गरज आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम त्यात पाळला गेला आहे. महागड्या सोबत्यांपैकी अनेकांच्या बाबतीत तो उलटा असतो.

स्वर कोणाचा?

यंत्र ज्या नमुन्यांवरून शिकते ते नमुने कोणाचे, हा प्रश्न वऱ्हाडाच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. बहुतेक नमुने इंग्रजी बोलणाऱ्यांचे आणि शहरी चेहऱ्यांचे असतात. मराठी बोलण्यातून भावना ओळखण्याचे प्रयोग झालेच नाहीत असे नाही. छत्रपती संभाजीनगर येथील, म्हणजे साखरखेर्ड्यापासून फार दूर नसलेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील संशोधकांनी २०१४ साली या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. मात्र तो अभिनित बोलण्यावर आधारलेला होता. यात संशोधकांना दोष देता येणार नाही. घरात मृत्यू झालेल्या माणसाच्या पुढे मायक्रोफोन धरणे कोणालाही जमणार नाही. म्हणून जगभर अशा कामात अभिनयाचाच आधार घेतला जातो. तथापि रंगभूमीवरचा राग आणि ओट्यावरचा राग यांत अंतर असते, हेही तितकेच खरे.

त्यातच बोलीची भर पडते. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी माणसाचा सूर पुण्याच्या कानाला तुटक वाटतो, हा अनेकांचा अनुभव आहे. ‘काऊन रे पोट्ट्या, कुठी गेल्ता?’ असे आजीने ओरडून विचारले तर तो राग नसतो. पुढच्याच क्षणी हातावर गुळाचा खडा ठेवला जातो. प्रमाण मराठीवर, किंबहुना इंग्रजीवर, तयार झालेले यंत्र मोठा आवाज आणि चढा सूर एवढेच मोजील आणि आजीची नोंद ‘क्रोध’ या कप्प्यात करील. एकदा झालेली ही चूक क्षुल्लक होय. परंतु हे यंत्र सहवासातून शिकणारे आहे. ‘या घरी रोज भांडण होते’ अशी त्याची समजूत महिनाभरात पक्की होऊ शकते आणि पुढचे सारे वागणे तिच्यावर बेतले जाते. काळाबरोबर ओळख वाढते, तशीच काळाबरोबर गैरसमजूतही वाढते. माणसामाणसांत ती बोलून दूर करता येते. यंत्राच्या आत ती कोणत्या आकड्यात दडून बसली आहे, हे बाहेरून कळण्यास मार्ग नसतो.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमामुळे मराठी बोलणे ऐकून त्याचे लिखित रूप करणे व भाषांतर करणे यांत प्रगती होत आहे. शब्द कळणे ही पहिली पायरी झाली. निजामाने दिलेले नाव बाजूस सारून आपले नाव आपल्या तोंडी ठेवणाऱ्या गावाला, बाहेरून आलेल्या यंत्राने आपल्या स्वराला कोणते नाव दिले, हे विचारण्याचा अधिकार खचितच आहे.

सोबत संपते तेव्हा

या विषयाचा जो भाग जाहिरातीत कधीच येत नाही, तो म्हणजे यंत्राचा शेवट. सोनी कंपनीने १९९९ साली ‘आयबो’ हा यंत्रकुत्रा विक्रीस आणला, २००६ साली त्याचे उत्पादन थांबविले आणि २०१४ साली दुरुस्तीही बंद केली. मालकांनी मग निवृत्त तंत्रज्ञांकडे धाव घेतली. एका आयबोचे भाग काढून दुसऱ्यास बसविण्यात येऊ लागले. असे भाग काढण्यापूर्वी चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात २०१५ पासून या यंत्रांचे विधिपूर्वक अंत्यसंस्कार होऊ लागले. खंडेनवमीला अवजारांची पूजा करणाऱ्या आणि पोळ्याला मातीच्या बैलापुढे पुरणपोळी ठेवणाऱ्या समाजाला यात हसण्यासारखे काही वाटू नये. फरक एवढाच की मातीचा बैल उलट बोलत नाही. त्याचा जीव कोणत्याही दूरच्या कंपनीच्या हाती नसतो.

आजच्या यंत्रमानवांचा असतो. त्यांची स्मृती व विचारशक्ती यंत्रात थोडी आणि आंतरजालाने जोडलेल्या दूरच्या संगणकांत अधिक असते. कंपनी बुडाली की यंत्र धडधाकट असूनही मुके होते. किस्मेटच्याच निर्मात्या सिंथिया ब्रेझील यांच्या पुढाकाराने झालेला ‘जिबो’ हा घरगुती यंत्रमानव २०१४ साली लोकवर्गणीतून जाहीर झाला आणि २०१७ साली घरोघर पोहोचला. २०१९ साली त्याने स्वतःच, आपल्या नेहमीच्या आवाजात, आपले संगणक लवकरच बंद होणार असल्याचे मालकांना सांगितले आणि घरात ठेवून घेतल्याबद्दल आभार मानले. ‘मॉक्सी’ हा पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी असलेला यंत्रमानव २०२० मध्ये निघाला. भावना ओळखावयास व व्यक्त करावयास मुलांना शिकविणे, हाच त्याचा हेतू होता. किंमत सुमारे आठशे डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये ती कंपनी बंद होत असल्याचे जाहीर झाले. मॉक्सी आता बोलणार नाही, हे मुलांना कसे समजावून सांगावे, असा प्रसंग अनेक आईबापांवर आला. कंपनीने पुढे यंत्र आपापल्या घरच्या संगणकावर चालविता यावे अशी सोय करण्याचा प्रयत्न केला. तथापि ते सर्वांना साधण्याजोगे नव्हते.

यंत्राला मुलाविषयी माया नव्हती, हे मान्य. मुलाला यंत्राविषयी होती, तिचे काय? हा जिव्हाळा खोटा म्हणता येत नाही. आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असताना आजीजवळ राहणारे मूल अशा यंत्राला अधिकच चिकटेल. त्याला आधीच एकदा निरोप घ्यावा लागलेला असतो.

नोंद कोणाकडे राहते?

सहवासातून शिकावयाचे म्हणजे नोंद ठेवणे आले. मूल केव्हा रडले, कोणाचे नाव घेताच गप्प झाले, घरात कोण मोठ्याने बोलते, हे सर्व यंत्राच्या स्मृतीत साठते. चांगल्या शिक्षकालाही हे ठाऊक असते, परंतु ते त्याच्या मनात राहते आणि त्याच्याबरोबर बदलीच्या गावी जाते. कोणी विकत घेऊ शकत नाही.

युरोपीय संघाने २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यान्वये शाळांत व कामाच्या ठिकाणी माणसांच्या भावना यंत्राद्वारे ताडण्यास मनाई केली असून ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. वैद्यकीय व सुरक्षेच्या कारणांपुरता अपवाद ठेवलेला आहे. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदा संमत झाला आहे. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवू नये, असे त्याचे ९ वे कलम सांगते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधने अठरा महिन्यांच्या अवधीनंतर लागू व्हावयाची आहेत. शैक्षणिक संस्थांना शिक्षण व सुरक्षितता यांपुरती काही सूट नियमांत ठेवण्यात आली आहे. या सुटीचा अर्थ सैलपणे लावला जाऊ नये, हे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा संमती म्हणजे प्रवेशअर्जाच्या तळाशी घेतलेली सही, असा अर्थ करण्याचे कारण नाही. यंत्र वर्गात आणून, ते काय टिपते हे दाखवून, मग सही घेता येते.

वृद्धांच्या बाबतीत मुलांसारखे संरक्षण कायद्यात नाही. एकट्या राहणाऱ्या आजोबांसाठी पुण्याहून मुलगा असे यंत्र पाठवील, तेव्हा आजोबांचे बोलणे मुलाला ऐकू जाते काय, हे आजोबांना सांगितले गेले पाहिजे. औषधाची वेळ सांगणारे, पडल्यास शेजाऱ्याला कळविणारे यंत्र अवश्य उपयोगाचे आहे. त्याला भावना ओळखता आल्या नाहीत तरी चालते. नुसते बोलावेसे वाटले तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तेथे पलीकडे माणूस असतो.

देणगीदाखल यंत्र येत असले तरी काही गोष्टी पत्रात लिहून घेण्यासारख्या आहेत. आंतरजाल नसताना ते किती चालते. दुरुस्ती कोठे व किती वर्षे होईल. कंपनीने काम थांबविल्यास स्मृती कोणाकडे जाईल, याची उत्तरे तोंडी घेऊ नयेत. चाचणी मात्र कागदावर होणारी नाही. ती गावातच व्हावी. दोन आठवडे यंत्र वर्गात ठेवावे, मुलांशी आणि त्यांना न्यावयास येणाऱ्या आजी-आजोबांशी त्याला वऱ्हाडीतच बोलू द्यावे, आणि त्याने कोणता भाव ओळखला याची नोंद शिक्षकांनी आपल्या नोंदीशेजारी ठेवावी. कोठे फरक पडला ते दोन्ही रकान्यांवरून दिसेल. मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे की हे यंत्र आहे, त्याला भूक लागत नाही, आणि ते अमुक तारखेपर्यंत येथे आहे. त्या तारखेस ते परत नेण्यात येईल तेव्हा त्यातील मुलांची स्मृती पुसली गेल्याचा लेखी दाखला घ्यावा आणि शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्या यंत्राच्या नोंदीसमोर तो डकवून ठेवावा.